अटी गेमला लावा, आवृत्तीला नको

श्री. मॅथ्यू ब्रॉमबर्ग,
मुख्य कार्यकारी अधिकारी, युनिटी



१२ सप्टेंबर २०२४ ला तुम्ही ‘रनटाइम फी’ रद्द केल्याचं जाहीर केलंत. बरोबर एक वर्ष आधी, १२ सप्टेंबर २०२३ ला, तुमच्या आधीच्या साहेबांनी ती लावल्याचं जाहीर केलं होतं. तारीख ठरवून निवडली असेल तर दाद द्यायला हवी. त्या दिवशी सगळ्यांनी सुस्कारा सोडला, दोन-चार दिवस तुमचं कौतुक झालं आणि विषय मिटला असं सगळे धरून चालले. माझ्या मते तो मिटलेला नाही, म्हणून हे पत्र.

मी पुण्यात राहतो आणि लहान गेम स्टुडिओंसाठी कंत्राटावर प्रोग्रामिंग करतो. त्यातलं बरंचसं काम तुमच्याच इंजिनात होतं, पुढेही होईल असं दिसतंय. तुमच्याशी माझं वैयक्तिक भांडण काही नाही. जे झालं ते जगजाहीर आहे आणि मी त्याबद्दलच बोलणार आहे.

हे पत्र मराठीत छापून येणार. ज्यांचा गेमशी संबंध मुलांच्या हातातून फोन काढून घेण्यापुरताच आहे, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगावं लागेल. तुम्ही पुढचे दोन परिच्छेद सोडून दिलेत तरी चालेल.

गेम इंजिन म्हणजे ज्याच्या पोटात गेम तयार होतो ते सॉफ्टवेअर. चेंडू टाकला तर किती उसळावा, दिव्याखाली सावली कुठे पडावी, शेकडो वेगवेगळ्या फोनांवर एकच चित्र नीट कसं दिसावं, ही पायाभूत कामं इंजिन करतं. ती स्वतः लिहायला बसलं तर दोन माणसांच्या स्टुडिओचं आयुष्य त्यातच जाईल. गेम तयार झाला की इंजिनाचा एक भाग गेमच्या सोबत खेळणाऱ्याच्या फोनमध्ये जातो. त्या भागाला रनटाइम म्हणतात. घोडं पेंड खातं ते इथेच.

युनिटीचा जन्म २००४ सालचा, कोपनहेगनचा. तिघांनी मिळून ‘गूबॉल’ नावाचा गेम केला. तो फारसा चालला नाही, पण तो करताना घडवलेली हत्यारं चालली. गेम बनवणं सगळ्यांच्या आवाक्यात आणायचं, हे कंपनीचं ब्रीद होतं आणि बरीच वर्षं ते खरंही होतं. २०१५ पासून ठरावीक मिळकतीच्या आत असणाऱ्यांना जवळपास सगळं इंजिन फुकट मिळू लागलं. ॲडलेडमधल्या मूठभर लोकांनी त्यावर ‘हॉलो नाइट’ केला. ‘अमंग अस’ त्यावरच झाला, ‘पोकेमॉन गो’ त्यावरच झाला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आमच्याकडची पोरं हॉस्टेलच्या खोलीत ‘ब्रॅकीज’ या चॅनलचे शिकवणीचे व्हिडिओ बघत तुमचं एडिटर शिकली. फुकट दिलंत, पण त्यातून तुमच्या इंजिनावर हात बसलेली माणसं देशोदेशी तयार झाली आणि पुढे त्यांच्यातल्याच काहींनी पैसे भरून परवाने घेतले. धर्मादाय खातं नव्हतं ते. चांगला धंदा होता, दोन्ही बाजूंना परवडणारा.

मग १२ सप्टेंबर २०२३ चा तो मंगळवार आला. घोषणा अशी होती की १ जानेवारी २०२४ पासून गेमच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे कंपनीला पैसे द्यायचे. गेल्या बारा महिन्यांत २ लाख डॉलरची मिळकत आणि आजवर २ लाख इन्स्टॉल, असे दोन्ही उंबरठे ओलांडले की ‘पर्सनल’ या फुकट परवान्यावरच्या माणसाला दर इन्स्टॉलमागे २० सेंट. त्या वेळच्या दराने साधारण साडेसोळा रुपये. ‘प्रो’ हा विकतचा परवाना घेतलेल्यांसाठी उंबरठे वर, १० लाख डॉलर आणि १० लाख इन्स्टॉल, आणि दर उतरते. भारतासारख्या देशांतल्या इन्स्टॉलना २ सेंटचा सवलतीचा दर.

आमच्या गल्लीतला गिरणीवाला दळणाचे पैसे घेतो. दर वाढवतो तेव्हा आम्ही कुरकुरतो आणि देतो. पण घरी नेलेल्या पिठाच्या भाकऱ्या किती झाल्या त्यावर तो पुढच्या महिन्यात बिल लावत नाही, आणि भाकऱ्या किती झाल्या हे त्याने स्वतःच्या अंदाजाने ठरवण्याचा तर प्रश्नच येत नाही. तुमच्या कंपनीने नेमकं तेच केलं. इन्स्टॉल कोण मोजणार, या प्रश्नाला उत्तर मिळालं की कंपनीचं स्वतःचं एक गणिती मॉडेल आहे, ते मोजेल. ते कसं मोजतं हे सांगता येणार नाही.

एकाच माणसाने गेम काढून पुन्हा टाकला तर? पहिल्या दिवशी उत्तर एक होतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. चोरून वाटलेल्या प्रती? त्या ओळखण्याची सोय आहे, काळजी नको. मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणीच्या सेवेत दिलेला गेम? ते पैसे मायक्रोसॉफ्ट भरेल. हे मायक्रोसॉफ्टला कोणी विचारलं होतं का, ते कधी कळलं नाही. घोषणा करणाऱ्यांनी गेम विकला कसा जातो याचा विचारच केलेला नव्हता, असं वाटावं इतकी ती उत्तरं उघडी पडत होती.

तुम्ही झिंगामध्ये वरच्या जागेवर होतात, फुकट गेमचं गणित तुम्हाला मी शिकवायला नको. तरी वाचकांसाठी मांडतो. समजा एक फुकट गेम आहे, जाहिरातींवर चालणारा, दोन्ही उंबरठे ओलांडलेला, वर्षाला २ लाख डॉलर मिळवणारा. त्याला वर्षात युरोप-अमेरिकेतून १० लाख नवे इन्स्टॉल मिळाले. १० लाख गुणिले २० सेंट म्हणजे २ लाख डॉलर. आलं तेवढं गेलं. आर्टिस्टचा पगार, सर्व्हर, ॲपल-गूगलचं कमिशन, सगळं घरातून. तेच १० लाख इन्स्टॉल भारतातून आले तर फी २० हजार डॉलर, म्हणजे मिळकतीच्या दहा टक्के. पण भारतातला खेळणारा जाहिरातींतून जे देतो ते रुपयांत नव्हे, पैशांत मोजायचं असतं, तेव्हा २ लाख डॉलर गाठायला इन्स्टॉल कितीतरी जास्त लागतात, आणि प्रत्येक इन्स्टॉलबरोबर फीचा आकडा वर सरकतो. जास्त लोकांना गेम आवडला म्हणून बुडालो, असं सांगायची वेळ यावी अशी ही व्यवस्था होती.

यातून वाट होती. ‘प्रो’ घ्या, उंबरठा १० लाख डॉलरवर जाईल. हेतूही बहुधा तोच असावा. कारण त्याच घोषणेत ‘प्लस’ नावाचा मधला परवाना बंद केला होता. तो वर्षाला माणशी ३९९ डॉलरला पडायचा. ‘प्रो’ पडत होतं २,०४० डॉलरला. शिवाय युनिटीच्या जाहिरातींसारख्या इतर सेवा वापरल्यात तर फीमध्ये सूट, असंही एक वाक्य होतं. जाहिरातींच्या बाजारात ॲपलोव्हिन या कंपनीशी तुमची मारामारी चालू होती. आधीच्या वर्षी त्यांनी युनिटीच विकत घ्यायला १,७५० कोटी डॉलर देऊ केले होते आणि तुमच्या संचालक मंडळाने ते नाकारले होते. दोन मोठ्यांच्या भांडणात जे चेंगरले गेले ते लोक कोण होते, ते त्या सप्टेंबरात सगळ्यांनी पाहिलं.

आता फी लावली तेव्हाचे प्रमुख जॉन रिचिटेलो यांच्याविषयी थोडं. ते आता युनिटीत नाहीत, आणि गेलेल्या माणसावर बोलण्यात मला रस नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०११ साली, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे प्रमुख असताना, भागधारकांसमोर बोलताना त्यांनी एक उदाहरण दिलं होतं. ‘बॅटलफील्ड’ खेळणारा सहा तास गेममध्ये बुडालाय, बंदुकीतल्या गोळ्या संपल्यात, आणि त्या क्षणी पुन्हा गोळ्या भरायला आपण एक डॉलर मागितला, तर तो किमतीकडे फारसा बघत नाही. हे उदाहरण नंतर थट्टेचा विषय झालं. मला ते थट्टेचं वाटत नाही. धंद्याच्या दृष्टीने ते अगदी अचूक आहे. माणूस आत किती खोल गेलाय यावर त्याच्याकडून किती काढता येईल ते ठरतं. खेळणारा सहा तास आत असतो. गेम बनवणारा चार वर्षं आत असतो.

चार वर्षं आत असणं म्हणजे काय, ते माझ्या कामाचं आहे, तेव्हा जरा थांबून सांगतो. बाहेरचा माणूस म्हणतो, इंजिन आवडत नाही ना, मग बदला. एका साध्या प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जाण्याच्या, गेममधली उडी घ्या. बटण दाबल्यावर पात्र किती वेगाने वर जातं, वर गेल्यावर क्षणभर तरंगतं का, खाली येताना गुरुत्वाकर्षण वाढवायचं का, कड्यावरून पाय सुटल्यावरही किती क्षण उडी मारू द्यायची. हे आकडे कोणी पुस्तकातून घेत नाही. महिनोन्‌महिने खेळून, मित्रांना खेळायला देऊन, शंभरदा बदलून ते बसतात. ते युनिटीच्या भौतिकीच्या हिशेबाने बसलेले असतात. दुसऱ्या इंजिनात तेच आकडे तसेच्या तसे टाकले तर उडी वेगळीच लागते. जड, नाहीतर पोकळ. मग पुन्हा पहिल्यापासून.

ही झाली एक उडी. त्याखेरीज शेकडो प्रीफॅब, म्हणजे एकदा बनवून ठेवून जागोजागी वापरलेले साचे, ते दुसरीकडे उघडत नाहीत. पडद्यावरचा रंग-उजेड ठरवणारे शेडर पुन्हा लिहावे लागतात. तुमच्या ॲसेट स्टोअरमधून विकत घेतलेले प्लगइन, ज्यांच्या विक्रीतून ३० टक्के तुम्ही घेता, ते तिथेच राहतात. स्क्रिप्ट सी-शार्प या भाषेत असल्या आणि गोडो या दुसऱ्या इंजिनातही सी-शार्प चालत असलं तरी दोघांची घडण निराळी, त्यामुळे ओळीन्‌ओळ हाताखालून काढावी लागते. आणि कन्सोलवर जायचं असेल तर गोडोसारख्या खुल्या इंजिनात ती सोय थेट मिळतच नाही. कन्सोलवाल्यांचे गुप्ततेचे करार आड येतात, मध्ये तिसरी कंपनी गाठावी लागते. हे सगळं करून हातात काय येतं? जो गेम कालपर्यंत चालत होता तोच गेम, वर्षभराने, नव्या बगांसकट. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण ज्याने काढली त्याला इंजिन बदलायचा सल्ला द्यायला कोणी आलं नव्हतं.

ज्यांना परवडलं ते गेले, हेही खरं. सिएटलच्या मेगा क्रिटने ‘स्ले द स्पायर’नंतरचा गेम दोन वर्षांहून जास्त काळ युनिटीत बांधला होता. त्यांनी तो उचलून गोडोवर नेला. त्यांचं निवेदन शिवराळ होतं म्हणून गाजलं, पण त्यातली मागणी नीट वाचण्यासारखी होती. फी पूर्ण मागे घ्या, आणि वापराच्या अटींमध्ये आम्हाला संरक्षण द्या. दुसरी अर्धी मागणी लोक विसरले. ‘टेरारिया’वाल्या री-लॉजिकने, ज्यांचा मुख्य गेम युनिटीवर नव्हताच, गोडोला आणि एफएनए या आणखी एका खुल्या साधनाला प्रत्येकी १ लाख डॉलर दिले. युरोपातल्या मोबाइल गेम कंपन्यांनी तुमच्या जाहिराती आपल्या गेममधून बंद केल्या. माझ्या मते बाकी सगळ्या आरडाओरड्यापेक्षा तोच घाव वर्मी लागला. बोस्टनचा युनिटी ग्रुप, अशा गटांमधला सगळ्यांत जुना, तेरा वर्षांनी मोडला. त्या मंडळींनी तुमच्या इंजिनाचे मेळावे भरवले होते, नवख्यांना शिकवलं होतं. अशा लोकांची किंमत कुठल्या ताळेबंदात येते मला माहीत नाही.

२२ सप्टेंबरला कंपनीतले वरिष्ठ अधिकारी मार्क व्हिटन यांचं माफीचं पत्र आलं. ‘पर्सनल’वाल्यांना फी नाही, जुन्या आवृत्त्यांना नाही, बाकीच्यांना मिळकतीच्या अडीच टक्के किंवा इन्स्टॉलचा हिशेब, यातलं कमी असेल ते, आणि मोजणी तुमची तुम्ही सांगा. ९ ऑक्टोबरला रिचिटेलो पायउतार झाले. जानेवारी २०२४ मध्ये १,८०० लोकांना, म्हणजे कंपनीतल्या सुमारे चौथ्या हिश्शाला, घरी पाठवायचं ठरलं. त्यांतल्या कोणीही इन्स्टॉलमागे २० सेंट घ्यायची कल्पना काढली नसावी.

मे २०२४ मध्ये तुम्ही आलात आणि सप्टेंबरात फी रद्द केलीत. ‘प्रो’ ८ टक्क्यांनी वाढवून २,२०० डॉलर केलंत, मोठ्यांसाठीचं ‘एंटरप्राइज’ २५ टक्क्यांनी महाग केलंत, फुकट परवान्याची मर्यादा २ लाख डॉलरवर नेलीत. मी याच्या विरोधात नाही. सरळ भाव वाढवणं हा तुमचा हक्क आहे. कंपनीला २०२२ मध्ये ९० कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला होता, तो कुठूनतरी भरून निघायलाच हवा. अर्थात त्याच काळात वेटा डिजिटलचं तंत्रज्ञान घ्यायला १६० कोटी डॉलरचा आणि आयर्नसोर्सला जोडून घ्यायला ४४० कोटी डॉलरचा सौदा केला होता, आणि ते करा असं दोन माणसांच्या कुठल्याही स्टुडिओने सांगितलं नव्हतं. पण ते जाऊ द्या. इंजिन बनवायला पैसे लागतात आणि ते वापरणाऱ्यांनी द्यावेत, हे मला मान्य आहे.

आमच्याकडून बघितलं तर भाव दोनदा वाढतो, एवढं मात्र ध्यानात असू द्या. २०२२ च्या सुरुवातीला ‘प्रो’ १,८०० डॉलरला होतं आणि डॉलर ७५ रुपयांच्या आसपास, म्हणजे १ लाख ३५ हजार रुपये. २०२५ च्या सुरुवातीला २,२०० डॉलर आणि डॉलर ८६ च्या घरात, म्हणजे १ लाख ८९ हजार. तुमच्या पत्रकात वाढ बावीस टक्के दिसते, आमच्या बँकेच्या पासबुकात चाळीस. यात तुमचा दोष नाही, रुपयाचा आहे. तरीही जाहीर केलेला भाव निदान डोळ्यांसमोर असतो. हिशेब मांडता येतो, परवडत नसेल तर पुढचा गेम दुसऱ्या इंजिनात सुरू करता येतो. पुढचा. आधीच बाजारात असलेला किंवा निम्मा झालेला नव्हे. माझं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे.

फी रद्द करतानाच्या तुमच्या पत्रात याबद्दल आश्वासन आहे. भाववाढीचा विचार वर्षातून एकदाच करू, आणि अटी बदलल्या तरी जुन्या आवृत्तीवर राहणाऱ्याला जुन्याच अटी लागू राहतील. वाचताना मला आधीचं आठवलं. जानेवारी २०१९ मध्ये इम्प्रॉबेबल नावाच्या कंपनीशी तुमचा वाद झाला, अटी एका रात्रीत बदलल्याने त्यांच्या तंत्रावर चाललेले गेम अडचणीत आले, ओरड झाली आणि कंपनीने शब्द दिला. शब्द हाच होता. जुन्या आवृत्तीवर राहा, जुन्या अटी लागू राहतील. अटींमध्ये कधी काय बदललं ते कोणालाही पाहता यावं म्हणून सगळा मजकूर गिटहब या संकेतस्थळावर ठेवला. पुढे ते गिटहबवरचं पान नाहीसं झालं. २०२३ च्या एप्रिलमध्ये नव्या अटी आल्या आणि त्यांतून ते कलम गेलं. सप्टेंबरात फी आली. पान का काढलं, यावर कंपनीचं उत्तर होतं की ते फारसं कोणी बघत नव्हतं. खरं असेलही. भाडेकरार तरी रोज कोण काढून वाचतो?

तेव्हा ब्रॉमबर्ग साहेब, तुमच्या शब्दावर माझा अविश्वास नाही. तुमच्यानंतर येणाऱ्याच्या शब्दाचं काय, हा प्रश्न आहे. रिचिटेलो यांच्या काळात दिलेला शब्द रिचिटेलो यांच्याच काळात मोडला गेला. माणूस बदलायचीही वाट पाहावी लागली नाही.

आणि समजा पाळला. तरीही या आश्वासनाला एक भोक आहे, ते तुमच्या वकिलांना दिसलं नसेल असं मी मानत नाही. जुन्या आवृत्तीवर राहा, असं तुम्ही म्हणता. मोबाइलवाल्याला राहताच येत नाही. गूगल प्ले दरवर्षी सांगतं, अँड्रॉइडच्या अमुक पातळीला लक्ष्य करा, नाहीतर अपडेट स्वीकारणार नाही. ॲपल दरवर्षी एक्सकोड या आपल्या साधनाच्या नव्या आवृत्तीचा आग्रह धरतं. २०२५ मध्ये गूगलने १६ केबीच्या मेमरी पानांचा नियम आणला: १ नोव्हेंबरपासून नव्या अँड्रॉइडसाठीचे गेम या पानांवर चालायलाच हवेत. वाचकांनी ‘मेमरी पान’ म्हणजे काय याची चिंता करू नये. परिणाम एवढाच, की जुन्या इंजिनावर सुखाने चाललेला, वर्षाला थोडेफार पैसे देणारा गेम घेऊन नव्या आवृत्तीवर चढावं लागलं. चढलं की नव्या अटी लागू. म्हणजे दार तुम्ही उघडं ठेवता, आणि मागून गूगल ढकलतं. तुमची दीर्घ मुदतीची म्हणवणारी आवृत्तीसुद्धा सर्वसाधारण ग्राहकाला दोनच वर्षं आधार देते. एक नीट गेम करायला त्याहून जास्त लागतात.

पीसीवरचा गेम वर्षानुवर्षं जुन्या आवृत्तीवर पडून राहू शकतो, हे खरं. पण आपल्याकडची बहुतेक पोरं पीसीसाठी बनवत नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्ससारखे, ‘राजी’ हा गेम घेऊन थेट कन्सोलवर जाणारे, थोडे. आणि ‘राजी’ अनरियल या दुसऱ्या इंजिनावर झाला होता. इथे फोनवरच खेळलं जातं, फोनसाठीच बनवलं जातं, आणि फोनवर जुनी आवृत्ती हा आसरा नाही.

तुम्हाला हे जमणार नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंजिनात सुरक्षेची एक जुनी चूक सापडली, २०१७ च्या आवृत्तीपासून चालत आलेली. तुम्ही ती लपवली नाहीत. आधार संपलेल्या आवृत्त्यांसाठीही, २०१९ पर्यंत मागे जाऊन, दुरुस्त्या काढल्यात; ज्यांना गेम पुन्हा बांधता येत नव्हता त्यांच्यासाठी तयार गेमलाच ठिगळ लावायचं साधन दिलंत. ते काम चोख होतं, आणि माझ्या ओळखीतल्या सगळ्यांनी तसं म्हटलं. तुमच्या नावाला धोका होता तेव्हा सहा वर्षं जुन्या आवृत्तीची जबाबदारी घेता आली. अटींच्या बाबतीत का घेता येऊ नये?

मागणी अशी आहे. अटी आवृत्तीला चिकटवू नका, गेमला चिकटवा. एखादा गेम ज्या दिवशी बाजारात आला त्या दिवशीच्या पैशाच्या अटी त्या गेमला त्याच्या आयुष्यभर लागू राहतील, दुकानांच्या नियमांपायी इंजिनाची आवृत्ती वर चढवावी लागली तरी. चालू असलेल्या, अजून न आलेल्या गेमसाठी प्रकल्पाची नोंदणी ठेवा. नोंदणीच्या दिवसापासून ठरावीक वर्षं, पाच म्हणा, त्याच अटी. त्यानंतरही गेम आला नाही तर चूक आमची. नव्या गेमला नवे भाव खुशाल लावा, वाटल्यास दुप्पट.

दुसरं, मिळकतीचा किंवा खेळणाऱ्यांचा कुठलाही हिशेब लागणार असेल तर तो दुकानांच्या अहवालांवरून व्हावा. ते आमच्याकडेही असतात आणि तुम्हाला तपासताही येतात. एपिकचं अनरियल मिळकतीच्याच हिशेबाने चालतं. एका गेमने १० लाख डॉलर मिळवल्यावर साधारणपणे ५ टक्के, एवढा साधा नियम. त्यांचं सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. पण त्यांचा वाटा मिळकतीला बांधलेला असल्याने गेम आवडला म्हणून बुडायची पाळी कोणावर येत नाही.

आणि हे कलम काढून टाकता येणार नाही, हेही कलमातच लिहा. निळ्या अक्षरांतल्या ब्लॉगवर नको, समाजमाध्यमावरच्या पोस्टमध्ये नको. ज्या करारावर आम्ही ‘मान्य आहे’चं बटण दाबतो, त्यात हवं. कंपनी विकली गेली तरी घेणाऱ्यावर ते बंधनकारक राहील, असंही त्यात घाला. १,७५० कोटी डॉलरचा देकार एकदा येऊन गेलाय, पुन्हा येऊ शकतो.

तुमचे अर्थखात्यातले लोक म्हणतील, याने कंपनीचे हात बांधले जातील. हो, जातील. २०१९ मध्ये बांधले गेले असते तर २०२३ मध्ये ती फी जुन्या गेमांवर लावताच आली नसती. आणि जाहिराती बंद पडणं, बोस्टनचा गट मोडणं, साहेब बदलणं, एवढं सगळं होऊन शेवटी फी रद्दच करावी लागली, त्यातून तुम्हाला मिळालं काय?

मी हे लिहीत असताना माझ्यासमोर एका स्टुडिओचा प्रकल्प उघडा आहे. तीन जणांचा स्टुडिओ, दुसरा गेम. पहिल्या गेमला यंदा १६ केबीच्या नियमासाठी नव्या आवृत्तीवर न्यायचं काम माझ्याकडे आलंय. ते आठवडाभरात होईल. काम देताना त्यांनी एक प्रश्न विचारला: आवृत्ती चढवल्यावर अटी कोणत्या लागू होतील? मी तुमच्या संकेतस्थळावरची अटींची पानं दोनदा वाचली आणि त्यांना सांगितलं, आज ज्या आहेत त्या. उद्याचं मला सांगता आलं नाही. ते सांगण्याची जागा तुमची आहे, आणि उत्तर करारात आलं तर मी ते त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवीन.

कळावे,

पुण्याहून,
एक कंत्राटी गेम प्रोग्रामर